राजारामपुरीतील मुलांची शरीरमोजणी आणि हालचाल तपासणी: टेप चोख, पट्टा उपयोगाचा, सल्ला मात्र पारखून घ्यावा

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या एका गल्लीत, दवाखाने आणि कोचिंग क्लास यांच्या गर्दीत, मुलांची शारीरिक मोजमापे आणि हालचाल तपासून देणारे एक खाजगी केंद्र आहे. ५ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची उंची, वजन, कंबरेचा घेर आणि शरीरातील चरबीचे प्रमाण मोजणे, कमरेला आठवडाभर हालचालमापक पट्टा बांधून मूल दिवसभरात किती हलते याची नोंद घेणे आणि शेवटी पालकांना समोर बसवून आहार-व्यायामाचा सल्ला देणे, असे या सेवेचे तीन भाग आहेत. माझी १२ वर्षांची मुलगी आणि जाऊबाईंचा १४ वर्षांचा मुलगा, अशा दोघांची तपासणी आम्ही तेथे करून घेतली. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि अशा धर्तीची पॅकेजेस आता इतरत्रही विकली जातात. काय पाहावे आणि काय विचारावे हे कळले, तर वाचकाला कोणत्याही केंद्रात त्याचा उपयोग होईल. तिन्ही भागांचा दर्जा सारखा नाही, एवढे आधीच सांगते. पहिला भाग बहुतांशी उत्तम आहे, दुसऱ्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही आणि तिसरा ऐकून घ्यावा, पण लगेच पैसे भरू नयेत.

तालमींच्या आणि फुटबॉलच्या या गावात असे केंद्र हवेच कशाला, हा प्रश्न आमच्या घरातच निघाला. "पोरगी अंगानं बरी हाय, तिला मापायला कशाला न्यायची?" असे सासूबाईंचे म्हणणे होते. खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी आणि शाहू स्टेडियमवरचे सामने डोळ्यांसमोर असले की कोल्हापूरची मुले आपोआप धडधाकट असणार, असे आपण गृहीत धरतो. पण सामन्याच्या दिवशी गॅलरीत बसलेल्या मुलांपैकी किती जण स्वतः रोज मैदानावर उतरतात, हे कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील शाळकरी मुलांच्या माहितीवरून २०१९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नाहीत, असे २०१६ सालचे चित्र होते. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के होता. मुलग्यांमध्ये ७२ आणि मुलींमध्ये ७६. दुसऱ्या बाजूला, २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले कृश आणि ५ टक्के मुले जास्त वजनाची आढळली. म्हणजे मोजमाप करताना दोन्ही टोकांकडे लक्ष द्यावे लागते. केवळ जाड मुलांना शोधण्यासाठी मांडलेल्या दुकानाचा आपल्याकडे निम्माच उपयोग.

पहिल्या भागाची सुरुवात उंचीपासून होते, आणि येथे या केंद्राला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. मोजणाऱ्या ताईंनी मुलीला बूट-मोजे काढायला लावले, डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा सोडायला सांगितला, टाचा, बैठक आणि खांदे मागच्या फळीला टेकले आहेत ना हे हाताने चाचपून पाहिले, डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येईपर्यंत हनुवटी थोडी खाली घेतली, श्वास आत घ्यायला लावला आणि मगच वरची पट्टी केस दाबले जातील इतकी खाली आणली. हे सर्व त्यांनी दोनदा केले आणि दोन्ही आकडे लिहून घेतले. त्याआधी एका शाळेतल्या शिबिरात भिंतीवर चिकटवलेल्या कागदी टेपपाशी मुलांना बुटांसकट उभे करून भराभर आकडे लिहिले गेले होते. तेथे मुलीची उंची १४९ सेंटिमीटर भरली, येथे १४७. वजन दोन्हीकडे ४६ किलो.

दोन सेंटिमीटरने काय बिघडते, असे वाटेल. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढताना किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात, त्यामुळे उंचीतली चूक दुपटीने अंगावर येते. १४९ सेंटिमीटर धरले तर बीएमआय २०.७ येतो आणि १४७ धरले तर २१.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या तक्त्यात १२ वर्षांच्या मुलीसाठी जास्त वजनाची रेषा २०.८ वर आहे. म्हणजे बूट घातले तर मुलगी सामान्य आणि बूट काढले तर जास्त वजनाची! मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसांचा २५ हा सरसकट आकडा चालत नाही, वय आणि लिंग पाहून तक्त्यातच पाहावे लागते, हेही ताईंनी न विचारता समजावून सांगितले. माझी सूचना एवढीच, की अहवालात कोणता तक्ता वापरला ते छापावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ साली जे तक्ते काढले, त्यांत प्रौढांच्या २३ (जास्त वजन) आणि २७ (लठ्ठपणा) या बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा आहेत, कारण आपल्या लोकांत मधुमेहासारखे धोके कमी बीएमआयलाच सुरू होतात. येथे जागतिक तक्ता वापरला जातो हे मला विचारल्यावरच कळले.

कंबरेच्या मापाची कथाही अशीच आहे. कपडे शिवायला देताना जेथे माप घेतात ती जागा येथे चालत नाही. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपून, त्यांच्या बरोबर मध्यावर पेनाने बारीक खूण करून, साधा श्वास सोडून झाल्यावर टेप वाचावा लागतो. ताईंनी तसेच केले आणि माप ७० सेंटिमीटर आले. मी मुद्दाम विनंती करून बेंबीवरून टेप फिरवायला लावला, तर ७४ आले. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असा एक सोपा नियम आहे. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेने २०२२ साली तो ५ वर्षांवरील मुलांसाठीही सुचवला. १४७ चे निम्मे साडेत्र्याहत्तर. टेप चार बोटे खाली सरकला की मूल रेषेच्या पलीकडे जाते. घरी माप घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इथपर्यंत सर्व चोख होते. त्यानंतर मुलांना अनवाणी ज्या चकचकीत यंत्रावर उभे केले जाते आणि ज्याचा रंगीत कागद पालकांना सर्वांत जास्त भावतो, त्याबद्दल मात्र माझे मत फारसे चांगले नाही. हे यंत्र तळपायांतून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडते. शरीरातल्या पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून अडखळत जातो, आणि या अडथळ्यावरून उत्पादकाच्या सूत्राने चरबीची टक्केवारी काढली जाते. चरबी प्रत्यक्ष मोजली जात नाही, पाण्यावरून तिचा अंदाज बांधला जातो. त्यामुळे मूल घामाघूम होऊन आले आहे की पेलाभर दूध पिऊन, यावर आकडा हलतो. मुलीची चरबी पहिल्या संध्याकाळी २९ टक्के आली आणि पट्टा परत करायला सकाळी उपाशीपोटी गेलो तेव्हा २६. आठवड्यात तीन टक्के चरबी उतरवण्याइतके आमच्या घरी काहीही घडले नव्हते. त्याच कागदावर 'शरीराचे वय १७ वर्षे' असेही छापून आले होते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी या ओळीला काडीचाही अर्थ नाही. मुलगी मात्र त्यावर खूश होती.

चरबीचे प्रमाण पाहण्याचा विचार मुळात चुकीचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली द लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचा वाटा मोठा असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवले. म्हणूनच वजनकाट्यावर विसंबून चालत नाही; पण त्यासाठी पायाखालच्या यंत्रापेक्षा नीट धरलेला साधा टेप मला अधिक भरवशाचा वाटतो, आणि तो चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो.

आता दुसरा भाग, ज्यासाठी मी हे केंद्र ओळखीच्यांना सुचवते. काडेपेटीएवढे एक उपकरण लवचीक पट्ट्यात बसवून उजव्या कमरेवर बांधतात. अंघोळ आणि झोप सोडून ते आठवडाभर अंगावर राहते. ते पावले तर मोजतेच, शिवाय हालचाल किती जोरकस होती हेही टिपते. मुले मोठ्या माणसांसारखी अर्धा तास एका लयीत चालत नाहीत. चार सेकंद धावतात, थांबतात, उडी मारतात, पुन्हा थांबतात. उपकरण एकेका मिनिटाची सरासरी घेणारे असेल, तर ही धावपळ त्या सरासरीत विरघळून जाते. नोंद किती सेकंदांची असते, असे मी विचारले तेव्हा "पंधरा" असे उत्तर चटकन आले. ज्या केंद्रात या प्रश्नावर कोणी गोंधळेल, तेथे पुढे जाण्याची घाई करू नये.

आलेख हाती आल्यावर घरातल्या सर्वांनी तो टेबलावर पसरून पाहिला. मुलीच्या दिवसाचे चित्र सरळ होते: सकाळी रिक्षावाल्या मामांबरोबर दारातून शाळेच्या दारात, मधल्या सुट्टीत एक छोटासा उंचवटा, आणि संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे ट्यूशनच्या वेळात, रेषा अक्षरशः जमिनीला टेकलेली. आळशीपणा म्हणावा असे त्यात काहीच नव्हते. तिला हलण्याची जागाच आम्ही वेळापत्रकात ठेवली नव्हती, आणि रात्री आठनंतर बारा वर्षांच्या मुलीने खेळावे असे मैदान आमच्या भागात नाही. संध्याकाळी जी मैदाने भरलेली असतात, त्यांवरही मुलगेच दिसतात. वर दिलेल्या ७२ आणि ७६ या आकड्यांमधली फट अशी घरोघरी तयार होते. गौरीच्या रात्री मात्र झिम्मा-फुगडीने आलेख असा काही उसळला होता, की तो पाहून केंद्रातल्या ताईही हसल्या. संपूर्ण आठवड्यातली तिची सर्वांत जोरकस हालचाल आजीच्या माहेरच्या बायकांबरोबर झाली होती, ट्रॅकसूट घालून नव्हे.

पुतण्याच्या आलेखाने पट्ट्याची मर्यादा दाखवून दिली. तो पहाटे तालमीत जातो आणि सायकलने शाळेला जातो. लंगोटावर पट्टा बांधून लाल मातीत उतरता येत नाही, त्यामुळे जोर, बैठका आणि लढतींचा सगळा वेळ कोरा राहिला. सायकल चालवताना पाय फिरतात पण कंबर जवळजवळ स्थिर राहते, म्हणून तोही वेळ बसून घालवल्यासारखा नोंदला गेला. परिणामी घामाने निथळत घरी येणाऱ्या मुलाच्या अहवालावर 'कमी सक्रिय' असा शेरा पडला. पट्टा काढल्याच्या वेळा आणि कारणे लिहिण्यासाठी केंद्र एक छोटी वही देते, आणि पुतण्याने ती इमानाने भरलीही होती; पण आम्ही ती पुढे करेपर्यंत कोणी उघडली नव्हती. उघडल्यावर अहवाल बदलून मिळाला, हे खरे. तरीही कोल्हापुरात अशी सेवा विकायची, तर तालीम, पोहणे आणि सायकल या तीन गोष्टी आधीच विचारून घेण्याची पद्धत असायला हवी.

आणखी एक दुरुस्ती त्यांनी करावी. मुलांनी दररोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल केलीच पाहिजे, अशा जुन्या शब्दांवर अहवालाचे गुण बेतलेले आहेत, त्यामुळे साठ मिनिटे न भरलेला प्रत्येक दिवस लाल रंगात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली हे शब्द बदलून आठवड्यावर पसरलेली दिवसाला सरासरी ६० मिनिटे असे केले आहे, आणि त्याबरोबर आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. या दुसऱ्या गोष्टीचा अहवालात उल्लेखच नाही. जोर-बैठका काढणाऱ्या मुलावर त्यामुळे पुन्हा अन्याय होतो. दमश्वासाची एकही चाचणी येथे होत नाही, हीदेखील उणीव. शाळांसाठीच्या खेलो इंडिया चाचण्यांत चौथीपासूनच्या मुलांना ६०० मीटर धावायला किंवा चालायला लावतात. रंगीत कागदाच्या यंत्राऐवजी केंद्राने तेवढे केले असते, तरी मुलांच्या तब्येतीबद्दल अधिक कळले असते.

तिसरा भाग समुपदेशनाचा. समुपदेशक तरुण होते, अदबीने बोलत होते, आणि त्यांनी कंबर आणि हालचाल हे दोन आकडे शेजारी ठेवून सरळ निष्कर्ष काढला: मुलगी कमी हलते म्हणून कंबर वाढली आहे, रोज दहा हजार पावले चालवा, तीन महिन्यांत चार सेंटिमीटर कमी करून देऊ. दहा हजार हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून प्रसिद्ध झाला, मुलांच्या अभ्यासातून नव्हे, हे सोडून देऊ. खरी अडचण त्या 'म्हणून'मध्ये आहे.

एकाच दिवशी मोजलेल्या मुलांमध्ये कमी हालचाल आणि मोठी कंबर बऱ्याचदा एकत्र दिसतात, यात शंका नाही. पण त्याच मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला की चित्र बदलते. इंग्लंडमधील प्लिमथ येथे वय वर्षे ७ ते १० दरम्यान दरवर्षी मोजल्या गेलेल्या मुलांच्या अभ्यासात, आधी चरबी जास्त असलेली मुले पुढे कमी हलू लागली, असे आढळले; आधी कमी हलणारी मुले पुढे जाड झाली, असे मात्र दिसले नाही. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. २०१२ साली १४ अभ्यासांतील ४ ते १८ वयाच्या २०,८७१ मुलांची पट्ट्याने टिपलेली माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हाही सुरुवातीची हालचाल पुढच्या कंबरेशी जुळली नाही, उलट सुरुवातीची मोठी कंबर पुढच्या बसून राहण्याशी जुळली. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि समुपदेशकांनी खरे तर तीच सांगायला हवी होती: जी मुले मध्यम ते जोरकस हालचाल अधिक करत होती, त्यांचा रक्तदाब, रक्तातील चरबी आणि इन्सुलिन यांचे आकडे अधिक चांगले होते, मग ती उरलेला वेळ किती का बसेनात.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा, की मुलीने खेळावे ते कंबरेच्या चार सेंटिमीटरसाठी नव्हे. तीन महिने धावूनही टेप जागचा हलला नाही, तर तिला आणि आम्हाला वाटणार की सगळे फुकट गेले, आणि खेळ बंद होणार. शिवाय या वयात उंची, नितंब, कंबर सगळेच आपल्या गतीने बदलत असते. उंची दोन बोटे वाढली तरी कंबर आणि उंचीचे गुणोत्तर आपोआप सुधारते, आणि त्याचे श्रेय पॅकेजला जाते. वजन आणि कंबर यांचा हिशेब मुख्यतः ताटाशी, झोपेशी आणि घराण्याच्या ठेवणीशी निगडित असतो. समुपदेशकांनी ताटाबद्दल जे सांगितले, म्हणजे मधल्या वेळेची बिस्किटे आणि बेकरीचे पदार्थ कमी करणे, ज्वारीची भाकरी, उसळी आणि फळे वाढवणे, त्यात वावगे काही नव्हते आणि त्यासाठी पॅकेजही लागत नाही. पुतण्याचा बीएमआय १६.६ होता, १४ वर्षांच्या मुलासाठी तक्त्यातली कृशतेची रेषा १५.५ आहे, म्हणजे तो सडपातळ पण ठीक आहे. तरीही त्याला वजन वाढवण्यासाठी तिथल्याच कपाटातली प्रोटीन पावडर सुचवण्यात आली. मोजणारा आणि विकणारा एकच असला की असे होणारच. जाऊबाईंनी डबा हातात घेतला, किंमत वाचली आणि काही न बोलता परत ठेवला.

एका गोष्टीसाठी केंद्राचे कौतुक केलेच पाहिजे. प्रत्येक मुलाला पडद्याआड एकट्याने मोजले जाते, आकडा मोठ्याने उच्चारला जात नाही, आणि मुलींचे माप ताईच घेतात. शाळेतल्या त्या शिबिरात वजन ओरडून सांगितले जात होते आणि मागच्या रांगेतून हसण्याचे आवाज येत होते. त्यानंतर मुलीने काही आठवडे दुपारचा डबा अर्धा परत आणला होता.

केवळ उंची, वजन आणि कंबर हवी असेल, तर मुलांच्या डॉक्टरांकडे लसीकरणाच्या किंवा ताप-खोकल्याच्या निमित्ताने गेल्यावरही ती नीट घेऊन तक्त्यावर मांडून मिळतात. शाळा-अंगणवाड्यांतून २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मोफत तपासणीही चालते. त्यामुळे येथे पैसे द्यायचे ते पट्ट्याचे. पट्टा वेगळा मागितला तर देतात, मात्र फलकावर तसे लिहिलेले नाही. पट्ट्यासाठी अनामत रक्कम घेतात आणि ती परत देताना खळखळ करत नाहीत. अहवाल इंग्रजीत छापून येतो. मराठीत हवा असल्यास नाव नोंदवतानाच सांगावे, म्हणजे दोन दिवसांनी मिळतो, पण त्यातही रंगीत यंत्राचे पान इंग्रजीच राहते. परीक्षेचा किंवा सुट्टीचा आठवडा टाळून शाळेचा साधा आठवडा निवडावा आणि त्यात शनिवार-रविवार दोन्ही येतील असे पाहावे. आमच्या आठवड्यात गौरी आल्या, हे आमचे नशीब! पाचपैकी गुण द्यायचे तर मोजमापाला साडेचार, पट्ट्याला चार, रंगीत कागदाच्या यंत्राला दीड आणि समुपदेशनाला दोन. शनिवारी दुपारी तेथे फार गर्दी असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. मधल्या वारी सकाळी गेल्यास ताई निवांत वेळ देतात.